काजरकाडीचा वास

धान सकाळी फुलतं. ऊन जरा तापलं, साडेनऊ-दहा वाजले, की लोंबीवरचा एकेक दाणा आपली दोन टरफलं उघडतो, आतले पिवळे पुंकेसर बाहेर लोंबायला लागतात, वारा असेल तर थोडीशी धूळ उडते आणि तासाभरात सगळं पुन्हा मिटून जातं. एकदा मिटलेला दाणा परत उघडत नाही. त्या तासाभरात जे व्हायचं ते होऊन जातं. रस्त्यानं जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला धानाच्या शेताची हिरवी बांधी दिसते, तिच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा बगळा दिसतो, आणि तो फोन कानाला लावून पुढे निघून जातो.

मला मात्र अश्विन लागला की दहाच्या सुमारास कुठेही बसवत नाही. परवा वडशाला मावसबहिणीकडे पूजेला गेले होते. आरती चालू होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ती टाळ्या वाजवता वाजवताच म्हणाली, "काऊन चुळबूळ करून राह्यली? धान काई तुले इचारून फुलते का?" सगळे हसले, मीही हसले. खरं होतं तिचं. बारा वर्षांपूर्वीच्या एका अश्विनात मीही असंच समजत होते की धान मला विचारून फुलतं.

माझा धंदा धानाची लग्नं लावायचा. नागभीडजवळच्या एका संशोधन केंद्रात मी हे काम करते. एका धानात वास असतो, चव असते, पण अंगात रोगाशी झुंजायचा दम नसतो. दुसरं दणकट असतं, पण त्याचा भात म्हणजे नुसतं पोट भरणं. या दोघांना एकत्र आणायचं. त्यासाठी एका लोंबीतला दाणा न् दाणा कात्रीनं टोकाशी कापायचा, चिमट्यानं आतले सहाच्या सहा पुंकेसर काढून टाकायचे, वर कागदाची पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता दुसऱ्या धानाची फुललेली लोंबी आणून त्या पिशवीत हलकेच झटकायची. आमच्याकडचे रघूभाऊ या कामात पटाईत. मी नवखी असताना ते शेजारी उकिडवे बसून म्हणायचे, "हळू बाई, चिमट्यानं नाई, श्वासानं काढा." त्यांच्या जाड बोटांना ते जमायचं आणि माझ्या नाजूक बोटांना जमायचं नाही, याचा मला फार राग यायचा.

लग्न लागलं तरी खरं काम पुढेच. पोटी येणारी लेकरं सगळी सारखी नसतात. कुणात आईचा वास येतो, कुणात बापाचा दम येतो, पुष्कळांत दोन्हीतलं काहीच नसतं. त्यांतून निवडत, पुन्हा आईच्याच वाणाशी जोडत, पुन्हा निवडत आठ-दहा वर्षं जातात. माझी आई शेजारणींना सांगते, "माही पोरगी सरकारी पगार घेऊन गवत उपटते." मीही आता ते खोडून काढत नाही.

मैनाबाई केंद्रात आली ती त्या अश्विनाच्या आदल्या वर्षी, कार्तिकात. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात तिचं गाव. पहाटे निघाली होती, थोडी पायी, थोडी बसनं, आणि आमच्या फाटकाशी उतरून सावलीत बसून राहिली होती. साठीची असेल. गोंड बाई, काळीसावळी, काटक, कपाळावर गोंदण. डोक्यावर तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या दोरानं बांधलेलं एक बोचकं. चौकीदारानं तिला दोनदा कुठल्या कुठल्या ऑफिसात पाठवून पाहिलं होतं, ती दोनदा परत येऊन तिथेच बसली होती. शेवटी त्यानं मला बोलावलं.

तिनं बोचकं सोडलं. आत धान होतं. दाणा बारीक, पिवळसर, आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला काळा ठिपका, काजळाची काडी लावल्यासारखा.

"काजरकाडी," ती म्हणाली. "आमच्या घरचं धान. माह्या सासूच्या सासूपासून हाये. तीन साल झाले, पानं वाळून जातात. दाना भरतच नाई. आजूबाजूले कोनाकडं नाई रायलं आता. माह्याच दोन बांध्याईत हाये."

पानं वाळून जातात म्हणजे कडाकरपा. पानाची कड टोकाकडून पिवळी पडत खाली उतरते, मग तणसाच्या रंगाची होते, आणि पोटरीवर आलेलं धान उभ्या उभ्या वाळतं. शेतकरी म्हणतात, धान जळलं. औषधानं तो फारसा आटोक्यात येत नाही. दम धानाच्या अंगातच असावा लागतो, आणि तो काजरकाडीच्या अंगात नव्हता.

मी विचारलं, "मैनाबाई, दुसरं धान लावा ना. आमचं घेऊन जा, रोग येत नाही त्याच्यावर."

 लहान पोरीला सांगावं तसं ती मला सांगू लागली. तिच्या घरची रीत अशी की, नवं धान आलं की आधी घरच्या देवांना, गेलेल्या माणसांना वाढायचं. तोवर घरात नव्या धानाचा दाणा शिजत नाही. आणि वाढायचं ते काजरकाडीच. "त्याईले दुसरं वळखू येत नाई," ती म्हणाली. "वासानं येतात ते. वासच नाई आला तं घर कसं सापडन त्याईले?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. असली वाक्यं ऐकली की मला कौतुक वाटायचं, आणि त्या कौतुकात थोडासा वरचढपणा असायचा. आता कबूल करायला हरकत नाही. पण तिचं बोचकं मी घेतलं. तिनं आपल्या बियाण्यातलं अर्धं आणलं होतं. उरलेलं अर्धं ती पुढच्या पावसाळ्यात पेरणार होती.

"सुदरून देसान ना?"

"देईन."

"किती दिस लागन?"

"आठ-दहा वर्षं."

ती हसली. पुढचे दात नव्हते. "बाप्पा! मंग मी काई रायत नाई." आणि तरी बोचकं माझ्याकडे सरकवून, रिकामी दोरी कमरेला खोचून, ती बस पकडायला गेली.

रोगापुढे टिकणारं धान घडवायचं तर रोग लागतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि करायला तर अधिकच. आमच्या केंद्रात एक बांधी खास रोगासाठी असते. भाद्रपदात, धान फुटव्यांनी दाट झालं की, आम्ही रोगट पानांचं पाणी डब्यात घेतो, त्यात कात्री बुडवतो आणि एकेका झुडपाच्या पानांची टोकं कापत जातो. पुन्हा बुडव, पुन्हा काप. जखमेतून रोग आत शिरतो. पंधरा-वीस दिवसांनी बघायचं, कोण जळलं, कोण हिरवं राहिलं. बांधीच्या कडेनं मुद्दाम रोगाला लवकर बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावायची, म्हणजे रोग तिथे माजतो आणि आतल्या सगळ्यांपर्यंत पोचतो.

पुढच्या पावसाळ्यात कडेच्या ओळीला मी काजरकाडी लावली. संकरासाठी लागणारी झाडं वेगळ्या कुंड्यांत होती, ती सांभाळली होती. बाकी उरलेलं बी कडेला. तिच्याइतकं नाजूक धान दुसरं नव्हतं, आणि कामासाठी ते अगदी योग्य होतं. थोडं बी डब्यात बंद करून थंड ठिकाणी ठेवून द्यायला हवं होतं. हे कुणी शिकवायची गरज नसते. मी ठेवलं नाही. माझ्या डोक्यात होतं की मैनाबाईकडे आहेच.

आणि नेमकी त्याच भाद्रपदात मैनाबाई आपलं धान बघायला आली. मी चिखलात घोट्यापर्यंत, हातात कात्री, कमरेला डबा. ती धुऱ्यावर उभी राहिली. काळ्या टोकाच्या धानाला अजून लोंब आलेला नव्हता, पण तिनं नुसत्या पानांवरून कडेची ओळ ओळखली. अर्धी पानं पिवळी पडली होती.

"हे आमचं हाये."

"हो."

"तुमी त्याले बिमार करून राह्यले?"

मला त्या वेळी जे वाटलं ते लाज नव्हती. घाई होती. ऊन चढत होतं, अजून अर्धी बांधी बाकी होती. तरी मी तिला समजावलं. तिला बोलावून घेतलं, कात्री दाखवली, पाणी दाखवलं. म्हटलं, "मैनाबाई, सगळ्यांना आपणच रोग द्यायचा. जे मरतं ते जाऊ द्यायचं. जे जगतं ते ठेवायचं, त्याचंच बी करायचं. असं दर वर्षी केलं की शेवटी जगणारंच धान उरतं."

ती लक्ष देऊन ऐकत होती. इतकं लक्ष माझ्या वरिष्ठांनीही माझ्या बोलण्याकडे कधी दिलं नव्हतं. "जे जगन तेच ठेवाचं," ती हळूच म्हणाली. मग कडेच्या ओळीशी बसली आणि वाळलेल्या पानांवरून हात फिरवत राहिली. माझी बांधी संपेपर्यंत ती तशीच बसून होती.

निघताना तिनं मी कापून टाकलेली पानांची टोकं आणि कडेच्या ओळीतली चार-दोन पिवळी पानं गोळा करून पदरात बांधली. मी बघितलं. रघूभाऊंनीही बघितलं. मी थट्टेनं म्हटलं, "शेळीले नेता का, मैनाबाई?"

ती हसली. "हो," म्हणाली.

त्या अश्विनात काजरकाडी माझ्याकडे उत्तम फुलली. कुंड्यांतल्या झाडांना पोटरीतून लोंब बाहेर आले तेव्हा मला नाचावंसं वाटलं. दहा दिवस मी आणि रघूभाऊ सकाळी धान फुलायच्या वेळी तिथेच. ढग आले की फुलायला उशीर, वारा आला की पिशव्या हलतात, दुपारी जेवणावर लक्ष नाही. त्या दिवसांतला वास मला अजून आठवतो. चिखलाचा, गोड कुबट, आणि त्यात धानाच्या फुलोऱ्याचा एक अगदी हलका वास. शिजवलेल्या भाताचा नव्हे, तो वेगळा. फुलोरा सगळ्याच धानांचा सारखाच वास देतो. दिवाळीच्या तोंडावर पिशव्या सोडल्या तेव्हा संकराचे चांगले टपोरे दाणे हाताशी आले. टोकं कापलेली, अर्धी उघडी, आत तांदूळ धरलेला. मी ते तळहातावर घेऊन सगळ्या केंद्रात दाखवत फिरले.

आणि ठरवलं की मैनाबाईला सांगायला जायचं.

तिचं गाव मी पहिल्यांदाच पाहत होते. सागाची पानं अजून हिरवी होती, जंगलातून वाट निघाली की एकदम उतारावर बांध्या. एका बांधीत पाणी, एकीत पिवळसर होऊ लागलेलं धान, आणि मधेच दोन बांध्या अशा, की मला वाटलं तिथे कुणी तणस पसरून ठेवलंय. जवळ गेले. उभं धान होतं. पानाचं पान वाळलेलं. लोंब बाहेर आलेले, ताठ उभे, कारण दाण्यात वजनच नव्हतं. मी एक दाणा दाबला. फस्स झाला. दुसरा दाबला. टोकाला काजळ होतं, आत काही नव्हतं.

मैनाबाई धुऱ्यानं आली. मला बघून तिला आनंदच झाला, तो लपला नाही. मग माझी नजर बांधीकडे गेलेली बघून ती मान हलवत म्हणाली, "अजून जगनारं सापडलं नाई, बाई. पाहून राह्यली मी रोज."

"काय केलंत तुम्ही?"

"तुमी केलं तसंच. पानं भिजू घातली, इळा बुडवला, अन् कापत गेली. दोन्ही बांध्या. लेकानं मना केलं. मी म्हटलं, म्याडम करून राह्यली, तिले समजते."

माझा पहिला शब्द रागाचा निघाला. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. "काऊन केलं असं? कोनी सांगतलं तुम्हाले?" असं मी ओरडले. मोठ्यानं. तिचा मुलगा देवसू खळ्याकडून धावत आला, इतक्या मोठ्यानं.

ती घाबरली नाही. गोंधळली. "तुमीच तं सांगतलं," ती म्हणाली. "जे जगन तेच ठेवाचं."

मी धुऱ्यावर बसले. माझ्याच तोंडचं वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न होता. त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या बांधीत शंभर तऱ्हांची लेकरं होती, म्हणून तिथे निवडायला काहीतरी होतं. तिच्या दोन बांध्यांत एकच धान होतं, पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून एकसारखं केलेलं, आणि त्यातल्या एकाही झाडात तो दम नव्हता. तो बाहेरून आणावा लागतो, दुसऱ्या धानाकडून, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगायला आणखी पाच मिनिटं लागली असती. मला अर्धी बांधी उरकायची होती.

मग मी ते सगळं सांगितलं. आधी सांगायला हवं होतं ते, त्या जळलेल्या बांधीच्या काठावर बसून. देवसू खाली मान घालून ऐकत होता. मैनाबाई मधूनच "हां" म्हणत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मंग यात जगनारं नवतंच."

"नव्हतं."

"मी उगाच पाहून राह्यली होती रोज."

मी रडले. ती नाही रडली. तिनं माझ्यासाठी घरातून पाणी आणलं.

तिच्याकडे पुढच्या वर्षाला एक मूठही बी राहिलं नाही. माझ्या कुंड्यांतले लोंब सगळे संकरात गेले होते. कडेच्या ओळीतून चुरगाळून काढलेलं काही मिळालं, अर्धं पोचट. ते घेऊन मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. एका कागदी पुडीत होतं सगळं. तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, हे तुमचं, ठेवा.

तिनं पुडी उघडली, बोटानं दाणे पसरले, नाकाशी नेले. मग पुडी पुन्हा घडी करून मला परत दिली.

"इथी लावीन तं पुन्ना मरन. माह्या वावरात आता बिमारी बसली. तुमीच ठेवा. तुमचं ते लगन पुरं करा."

"आणि यंदा देवांना काय वाढणार?"

"वाढीन दुसरं. सांगीन त्याईले, थांबा मनून."

त्या एका वाक्यानं मी पुढची दहा वर्षं ओढली गेले. कुणी काम टाळत असलं, बदलीची ऑर्डर आली, घरून लग्नासाठी तगादा लागला, तरी मला तेच आठवायचं, की त्या घरात कुणीतरी ताटकळत थांबलंय. मी चिडकी झाले. रघूभाऊ एकदा म्हणालेच, "बाई, तुमी धानावर ओरडू नोका, ते ऐकत नाई."

पुडीतल्या दाण्यांपैकी मोजकीच रोपं जगली. कुंड्यांत ठेवली, दूर, जाळीत. त्यांचे लोंब संकरासाठी कापावे लागले, कारण लेकरांना पुन्हा आईशी जोडायचं तर आई हवीच. जे थोडं बी त्यांना धरलं ते पुढच्या वर्षी पेरलं, त्यात कमी उगवली, आणि त्यांच्याही पानांची कड पिवळी पडली, रोग बियात शिरून बसला असावा. तिसऱ्या वर्षी कुंड्या रिकाम्या. तीनदा करायची जोड दोनदाच झाली. अस्सल काजरकाडी माझ्याच हातात संपली, तिच्या पुढच्या पिढ्या वाढवता वाढवता.

मैनाबाई दर कार्तिकात यायची. त्याच चौकीदाराच्या सावलीत बसायची, आता तो तिला चहा द्यायचा. मी तिला बांधीवर न्यायचे, हिरवी राहिलेली झाडं दाखवायचे. ती प्रत्येक झाडाच्या दाण्याचं टोक बघायची. "याले काजर नाई," म्हणायची, किंवा, "याले हाये, पन पान रुंद हाये." माझ्या वहीत जेवढ्या नोंदी नसतील तेवढं तिला नुसतं बघून कळायचं. मी तिचं ऐकून निवडायला लागले. वासासाठी आमच्याकडे तपासणी असते, पान कुस्करून, औषध घालून हुंगायचं. मी वहीत लिहायचे, वास आहे, मध्यम. पण दाणे शिजवून तिला खायला घालावेत इतके नव्हतेच कधी, सगळे पुढच्या पेरणीत जायचे. मी म्हणायचे, अजून दोन वर्षं थांबा, मग पोटभर भात रांधू. "थांबते," ती म्हणायची.

एका कार्तिकात ती आली नाही. मला वाटलं, पाय दुखत असतील. पुढच्या कार्तिकातही आली नाही. मग देवसूचा फोन आला, तोही दुसऱ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता तो म्हणाला, "माय तं गेली न म्याडम, मागच्या सालीच. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

कोण सांगणार होतं? माझं तिच्याशी नातं काय होतं, की कुणाला मला कळवावंसं वाटावं? मी फोन ठेवला आणि बांधीवर गेले. माघाचे दिवस, नुसते खुंट उभे. तिथे उभं राहून मला फार एकटं वाटलं. आपण ज्याच्यासाठी परीक्षेला बसलो तो माणूस निकालाआधीच उठून गेल्यासारखं.

गेल्या वर्षी वाण तयार झाला. पान अरुंद, दाणा बारीक, टोकाला काजळ, आणि आमच्या रोगाच्या बांधीत मी कितीही कात्री चालवली तरी हिरवागार. शेतकऱ्याच्या शेतावर लावून बघायची पाळी आली तेव्हा मी देवसूच्याच दोन बांध्या मागितल्या. तो आता चाळिशीत. मधली काही वर्षं मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेला. लग्न उशिरा झालं, बायको तिकडच्या गावची. तो हो म्हणाला. अश्विनात शेजारच्या बांध्यांत कडाकरपा आला, एकेक बांधी पिवळी पडली, आणि मधल्या त्या दोन बांध्या हिरव्या उभ्या. गावातली माणसं बघायला येऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तो ज्याला जाऊन सांगावा असं माणूस नव्हतं.

कार्तिकात कापणी झाली. देवसूचा निरोप आला, नव्याचा दिवस ठरला आहे, तुम्ही या.

अंगण सारवलेलं. पळसाच्या पानांवर वाढायचं होतं. चुलीवर भात रटरटत होता, देवसूच्या बायकोनं झाकण काढलं, आणि वास आला. गोड, दाट, मोहाच्या फुलासारखा काहीतरी, आणि तरी मोहाचा नव्हे.  रघूभाऊंना आणायला हवं होतं असं वाटलं.

देवसूनं एक शीत बोटावर घेतलं, फुंकलं, जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. 

"चांगला हाये," तो म्हणाला. मग, "पन मले नाई समजून राह्यलं, म्याडम. लहानपनी खाल्ला तं हाये मी. पन आमी खात होतो अन् खेळाले पळत होतो. ध्यान कोन देते? वास कसा ते मायलेच ठाऊक. मंग इतकी सालं दुकानातला तांदूळ, मिरचीत हात. जीभ इसरली."

बायकोकडे बघण्यात अर्थ नव्हता, ती नंतर आलेली. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी कुणी उरलं नव्हतं, ज्यांनी मैनाबाईच्या घरचा भात खाल्ला होता. देवसूची बोटं पळसाच्या पानावर थांबली होती. हे वाढावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"तुमी सांगा," तो म्हणाला. "दहा-बारा सालं तुमी याच्यातच हाये. हेच हाये का?"

मला माहीत नव्हतं. मी काजरकाडीचा एक घासही कधी खाल्लेला नव्हता. मैनाबाईनं आणलेलं सगळं मी पेरलं होतं, कापलं होतं, जाळलं होतं. मला त्या धानाच्या पानाची रुंदी ठाऊक होती, फुलायची वेळ ठाऊक होती, कोणत्या रोगानं कितव्या दिवशी मरतं ते ठाऊक होतं. त्याचा भात कसा लागतो हे सांगणारी एकच जीभ होती, आणि तिला मी दर वर्षी अजून दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. भात निवत चालला होता.

"हो," मी म्हटलं. "हेच आहे."

देवसूच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं पळसाच्या पानांवर भात वाढला, पाणी फिरवलं, गुडघे टेकून गोंडीत एकेकाचं नाव घेऊ लागला. मला गोंडी येत नाही. शेवटी त्यानं आईचं नाव घेतलं तेवढं कळलं, आणि मग मधेच, दोनदा, 'म्याडम'.

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मायले सांगून राह्यले. म्याडम म्हन्ते, हेच हाये. आता खा मनून."